औषधाचा झेनॉन की बॉम्बचा?

9 ऑक्टोबर 2006 ला उत्तर कोरियाने जमिनीखाली पहिली अणुचाचणी केली. जगभरच्या भूकंपमापकांनी धक्का लगेच टिपला. पण धक्का लहान होता, एक किलोटनाच्याही आतला. एवढा स्फोट साधी स्फोटकं रचूनसुद्धा घडवता येतो. म्हणजे 'स्फोट झाला' एवढं कळलं, पण तो अणुस्फोटच होता हे भूकंपशास्त्र एकट्याने सांगू शकत नव्हतं. त्यासाठी हवेत काहीतरी सापडायला हवं होतं.

सुमारे दोन आठवड्यांनी ते सापडलं, आणि तेही कुठे, तर कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफ या शहरात! चाचणीच्या जागेपासून सात हजार किलोमीटरहून जास्त लांब. तिथे हवेतला झेनॉन वायू वेगळा काढून त्याचा किरणोत्सार मोजणारं एक यंत्र होतं. त्या यंत्राने झेनॉन-133 हा समस्थानिक नेहमीपेक्षा थोडासा जास्त दाखवला.

आता समजा, तुम्ही त्या गटात काम करताय. तुमच्यासमोर आकडा आहे. टाळ्या वाजवायच्या का? थांबा. त्याच कॅनडात, ऑंटारियो प्रांतात, चॉक रिव्हर नावाची जागा आहे. तिथे रुग्णालयांसाठी किरणोत्सारी औषधांचा कच्चा माल तयार होत असे, आणि ते करताना धुरांड्यातून झेनॉन-133 बाहेर पडत असे. नेहमीच पडत असे, परवान्याच्या मर्यादेत राहून. मग हा यलोनाइफचा झेनॉन कोरियातल्या बोगद्यातून आला, की कुणाच्या तरी हृदयाच्या स्कॅनसाठी केलेल्या रसायनप्रक्रियेतून?

या लेखात मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना 'सिग्नल' आणि 'नॉइज' हे शब्द पहिल्या सत्रातच भेटतात, आणि आपण असं धरून चालतो की हे नॉइज आहे, ते सिग्नल आहे, हे निसर्गानेच ठरवून दिलंय. औषध कारखान्यांच्या धुरांड्यांची गोष्ट वाचली की तो समज जरा हलतो. माझा तरी हलला.

आधी औषधाकडून सुरुवात करू. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मूलद्रव्य म्हणजे टेक्नेशियम-99एम. हाडं, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, कशाचाही स्कॅन असो, बहुतेक वेळा शिरेतून दिलेलं हेच असतं. जगात वर्षाला सुमारे तीन ते चार कोटी तपासण्या यावर होतात. त्याचं अर्धायुष्य फक्त 6 तास. म्हणजे सकाळी बनवलं की संध्याकाळपर्यंत निम्म्याहून कमी उरणार. असा माल दुकानात ठेवता येत नाही. त्यावर 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी युक्ती काढली: टेक्नेशियम पाठवायचंच नाही, त्याचा 'जनक' मॉलिब्डेनम-99 पाठवायचा. त्याचं अर्धायुष्य 66 तास. एका छोट्या स्तंभात तो भरून रुग्णालयाला द्यायचा, आणि तिथले तंत्रज्ञ रोज त्यातून मिठाचं पाणी सोडून ताजं टेक्नेशियम काढून घेणार. या उपकरणाला जनरेटर म्हणतात, पण तंत्रज्ञांच्या बोलीत ती 'गाय' आहे आणि काम म्हणजे 'धार काढणं'. ही गाय आठवड्याभरात आटते, मग नवीन मागवायची.

मॉलिब्डेनम-99 बनवायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे साध्या मॉलिब्डेनमवर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करायचा. ट्रॉम्बेला बराच काळ हाच मार्ग वापरला गेला. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी (ते 1963 पासून आहे) आणि देशभरच्या रुग्णालयांत सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचे जनरेटर वापरात आले, ते या मार्गाने बनलेल्या मालासाठी. या मार्गात युरेनियम फुटत नाही, त्यामुळे झेनॉन निघत नाही. पण माल विरळ मिळतो. दुसरा रस्ता म्हणजे युरेनियमच्या पट्ट्या किंवा कांड्या अणुभट्टीत काही दिवस भाजायच्या, बाहेर काढून लगेच आम्लात किंवा अल्कलीत विरघळवायच्या, आणि त्या द्रावणातून मॉलिब्डेनम वेगळा करायचा. दर शंभर विखंडनांतून सुमारे सहा वेळा मॉलिब्डेनम-99 मिळतो. जगाचा बहुतांश पुरवठा याच रस्त्याने, आणि मोजक्या पाच-सहा ठिकाणांहून होत आलाय: चॉक रिव्हर, बेल्जियममधलं फ्लेरुस, नेदरलँड्समधलं पेटन, दक्षिण आफ्रिकेतलं पेलिंडाबा, सिडनीजवळचं लुकास हाइट्स.

गोम अशी की त्याच शंभर विखंडनांतून सहा-सात वेळा झेनॉन-133 ही मिळतो. मॉलिब्डेनमइतकाच, किंबहुना जरा जास्तच. पट्टी विरघळली की घन पदार्थ द्रावणात राहतात. झेनॉन मात्र राजवायू, कुणाशी संयोग पावत नाही, बुडबुड्यातून सरळ वर. आयोडीनसारखा तो रसायनाने सहज पकडता येत नाही. सक्रिय कोळशाच्या थरातून सोडला तर तो रेंगाळतो, अडकत नाही. वाहत्या हवेपेक्षा हळू सरकतो, एवढंच. म्हणून उपाय एकच: कोळशाच्या नळ्यांतून किंवा बंद टाक्यांतून त्याला पुरेसा वेळ रेंगाळत ठेवायचं, की तो स्वतःच क्षय पावेल. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच दिवस. दोन महिने अडवला तर सुमारे 2,700 पट कमी होतो. ऐकायला सोपं वाटतं. पण मॉलिब्डेनम तासाला एक टक्का या वेगाने नाहीसा होत असतो, रुग्णालयं थांबलेली असतात, आणि त्यामुळे पट्टी भट्टीतून निघाल्यावर एक-दोन दिवसांत विरघळवावीच लागते. माल घाईचा आणि कचरा सावकाशीचा, अशी ही जोडी आहे. दर आठवड्याला नवीन घाण येणार, आणि जुनी अजून टाकीतच.

मग पूर्वी हे लोक काय करत होते? हवेत सोडत होते, आणि ते बेकायदा नव्हतं. इथे इतिहासाचा मुद्दा येतो. धुरांड्यावरची यंत्रं कोणत्या प्रश्नासाठी बसवली होती, ते बघावं लागतं.

तो प्रश्न होता: शेजारच्या माणसाला किती डोस बसतो? या प्रश्नाला आकार दिला तो आयोडीनने. ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली आणि सुमारे 500 चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं, कारण आयोडीन-131 गवतावर बसतं, गाय ते गवत खाते, दूध मूल पितं, आणि आयोडीन मुलाच्या थायरॉइडमध्ये जाऊन साठतं. ही साखळी डोक्यात ठेवूनच पुढच्या पिढीतली धुरांडी सजली. त्यांची रचना साधारण अशी: धुरांड्यातल्या प्रवाहात एक बारीक नळी घालायची, प्रवाहाच्याच वेगाने थोडी हवा ओढून घ्यायची (वेग जुळला नाही तर कणांचं प्रमाण चुकतं), ती आधी गाळण-कागदातून, मग कोळशाच्या डबीतून न्यायची. कागदावर कण, डबीत आयोडीन. डबी आठवड्याने काढायची, मोजायची, आठवड्याची बेरीज लिहायची. राजवायूंसाठी पुढे एक कक्ष, त्यात एकूण किरणोत्सार मोजायचा. झेनॉन शरीरात साठत नाही, गवतावर बसत नाही, श्वासाबरोबर आत जातो आणि बाहेर येतो. डोसच्या हिशोबात त्याचं वजन फार कमी, त्यामुळे त्याची परवानगी मोठी. नियामक संस्थेला वर्षाची बेरीज दिली की काम झालं. हा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच होतं.

24 सप्टेंबर 1996 ला सर्वंकष अणुचाचणी बंदी करार सह्यांसाठी खुला झाला (भारताने त्यावर सही केलेली नाही, आणि करार आजही औपचारिकरीत्या लागू झालेला नाही). पण त्याच्या पडताळणीचं जाळं उभं राहू लागलं: एकूण 321 केंद्रं, त्यातली 80 हवेतला किरणोत्सार मोजणारी, आणि त्या 80 पैकी 40 केंद्रांवर राजवायू मोजण्याची सोय. राजवायूच का? तर जमिनीखालच्या स्फोटात बाकी सगळं खडकात वितळून अडकतं. बाहेर झिरपू शकतो तो झेनॉन. जो गुण औषध कारखान्यात डोकेदुखी होता, तोच इथे कामाचा ठरला.

या यंत्रांकडून अपेक्षित संवेदनशीलता होती घनमीटरला 1 मिलिबेकरेल. हे किती कमी आहे याचा अंदाज घ्या: तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून साधारण अर्ध्या मिनिटात झेनॉनचा एक अणू फुटणार. ते ओळखायचं. 1999 पासून अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि स्वीडन इथल्या गटांनी बनवलेली चार वेगवेगळी यंत्रं तपासण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयोग सुरू झाला, आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गला ती शेजारी-शेजारी ठेवून एकाच हवेवर चालवली गेली. यंत्रं चांगली निघाली. इतकी चांगली, की कुठेही स्फोट नसताना झेनॉन-133 दिसत राहिला.

सुरुवातीला बहुतेकांनी बोट दाखवलं ते अणुवीज केंद्रांकडे; युरोपात ती शेकड्यावर. पण हिशोब जुळेना. पॉल सेई आणि सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास जे आकडे मांडले त्यांनी चित्र फिरवलं. एक वीज अणुभट्टी दिवसाला साधारण 1 गीगाबेकरेलच्या घरात झेनॉन सोडते (1 वर नऊ शून्यं). मोठा औषध कारखाना मात्र दिवसाला 1 वर तेरा शून्यं इतका सोडू शकतो. दहा हजार पट. शेकडो वीज केंद्रांच्या एकत्रित धुरापेक्षा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी धुरांडी जड!

यातला पेच समजायला एक गणित करून बघा, वहीत करा. एक किलोटनाच्या स्फोटात साधारण 1 वर सोळा शून्यं बेकरेल झेनॉन-133 तयार होतो. चाचणी नीट बुजवलेली असेल आणि समजा हजारातला एक भागच बाहेर झिरपला, तर किती? 1 वर तेरा शून्यं. म्हणजे मोठ्या कारखान्याचा एक दिवस. एखाद्या देशाने खरोखर चाचणी केली आणि 'हा तर शेजारच्या औषध कारखान्याचा झेनॉन' म्हणून हात वर केले, तर खोटं कसं पाडणार? आणि उलटं: कुणी काहीच केलं नाही, वारा फिरला, आणि आरोप झाला, तर?

'समस्थानिकांची गुणोत्तरं बघा की' असं तुमच्यातला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल. बरोबर. मार्टिन कालिनोव्स्की आणि इतरांनी नेमकं तेच केलं. झेनॉनचे चार समस्थानिक उपयोगाचे: 133, 135, 131एम आणि 133एम. अर्धायुष्यं अनुक्रमे सव्वापाच दिवस, 9 तास, जवळपास 12 दिवस आणि सव्वादोन दिवस. स्फोटात सगळं एका क्षणात तयार होतं. वीज भट्टीत इंधन वर्षानुवर्षं भाजत असतं, त्यामुळे हळू साठणाऱ्या 131एम ला साठायला वेळ मिळतो, आणि झेनॉन-135 तर न्यूट्रॉन इतके हावरटपणे गिळतो की भट्टीतच त्याचं प्रमाण घटतं. म्हणून या गुणोत्तरांचा आलेख काढला की वीज भट्ट्या एका बाजूला आणि स्फोट दुसऱ्या बाजूला पडतात. फार सुंदर आलेख आहे तो.

आणि औषध कारखाने? त्यांनी युरेनियम भाजलेला असतो फक्त काही दिवस. मग तो थंडही न करता विरघळवलेला. म्हणजे त्यांचा झेनॉन ताजा, तरुण, बराचसा स्फोटासारखा. आलेखावर तो वीज भट्ट्यांच्या बाजूला राहत नाही, रेषेकडे सरकतो, कधी पलीकडे जातो. शिवाय लांबच्या केंद्रावर पोचेपर्यंत बाकीचे समस्थानिक मापनमर्यादेखाली जातात, उरतो एकटा 133, आणि एका आकड्याचं गुणोत्तर निघत नाही. यलोनाइफला नेमकं हेच झालं होतं.

मग तिथे काय केलं? वाऱ्याचा हिशोब. कोरियातून त्या दिवशी झेनॉन सुटला असता तर कोणत्या तारखेला, किती विरळ होऊन यलोनाइफला पोचला असता, हे हवामानाच्या मॉडेलवर चालवलं. आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: चॉक रिव्हरच्या धुराचाही वेगळा हिशोब केला. त्याने त्या दिवसांतली वाढ समजावता येते का ते तपासलं. येत नव्हती. 2007 मध्ये शोधनिबंध आला. दरम्यान स्वीडनच्या गटाने दक्षिण कोरियात नेलेल्या फिरत्या यंत्राला 133 बरोबर 133एम ही मिळाला होता, आणि तिथून गुणोत्तराचा पुरावा स्वतंत्रपणे उभा राहिला. कुणी विचारलं, 'कंट्रोल म्हणजे काय?', तर मी आता हेच उदाहरण देतो. आपल्याला हवं ते उत्तर देणाऱ्या स्रोताइतकीच मेहनत नको असलेल्या स्रोतावरही घेतलेली आहे.

पण नको असलेल्या स्रोताचा हिशोब करायला त्याने कधी, किती सोडलं हे माहीत हवं. आणि इथे धुरांड्यावरची जुनी यंत्रं कमी पडली. बिघडली नव्हती, ती दुसऱ्याच प्रश्नाची होती. डोससाठी वर्षाची बेरीज पुरते. वाऱ्यासाठी तास लागतो. सकाळी नऊला सोडलेला झेनॉन उत्तरेला जाईल आणि दुपारी चारला सोडलेला पूर्वेला. आठवड्याच्या बेरजेतून हे कळणार कसं?

काही उत्तरं अपघाताने मिळाली. 2008 च्या ऑगस्टमध्ये फ्लेरुसच्या कारखान्यात टाकाऊ द्रव एका टाकीतून दुसरीत नेताना रासायनिक प्रक्रिया होऊन आयोडीन-131 धुरांड्यातून बाहेर गेलं, 45 ते 50 गीगाबेकरेलच्या दरम्यान. नियामक संस्थेला कळवलं सोमवारी, 25 ऑगस्टला. 28 तारखेला परिसरातल्या लोकांना सांगावं लागलं की बागेतली भाजी, फळं खाऊ नका, स्थानिक दूध पिऊ नका. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही तिसऱ्या पातळीची घटना ठरली. (विंडस्केलची साखळी इथे पन्नास वर्षांनी पुन्हा दिसते: गवत, गाय, दूध. म्हणून 'आयोडीन आता सोडवलेला प्रश्न' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.) त्यानंतर कारखाना काही काळ बंद राहिला. त्याच सुमारास पेटनची अणुभट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. रुग्णालयांसाठी तो टंचाईचा काळ होता, स्कॅन पुढे ढकलले गेले. झेनॉन मोजणाऱ्यांना मात्र आयताच प्रयोग मिळाला. 2008 मधल्या बंद काळात युरोप आणि कॅनडातल्या केंद्रांवर झेनॉन कसा बदलला, यावर लगेच निबंध आला. ठरवून असा प्रयोग कुणी करू शकलं नसतं. कुणी परवानगी दिली नसती, आणि देऊही नये.

ऑस्ट्रेलियात याचं उलटं रूप दिसलं. लुकास हाइट्सला नवा उत्पादन विभाग सुरू करण्याच्या चाचण्या चालू होत्या, आणि नोव्हेंबर 2008 ते फेब्रुवारी 2009 या काळात सातशे किलोमीटरवरच्या मेलबर्नच्या केंद्रावर झेनॉनच्या एकामागून एक नोंदी दिसल्या. वारा उलटा चालवून बघितला, तर माग सिडनीकडेच जात होता. दक्षिण गोलार्धात स्रोत कमी, आकाश स्वच्छ. त्यामुळे एका धुरांड्याची सही इतकी स्पष्ट वाचता आली. केस स्टडी निवडताना 'मोठी' जागा निवडण्यापेक्षा 'शांत' जागा निवडणं कधी कधी शहाणपणाचं असतं.

2011 ची एक घटना थोडी बाजूची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया आणि आसपासच्या देशांत हवेत आयोडीन-131 दिसू लागलं. प्रमाण अगदी नगण्य, घनमीटरला काही मायक्रोबेकरेल. फुकुशिमाला जेमतेम आठ महिने झाले होते, त्यामुळे लोक घाबरलेले. पण आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं आयोडीन आठ महिन्यांत जवळजवळ शून्यावर येतं, म्हणजे फुकुशिमा नाही. शिवाय आयोडीनबरोबर सिझियम वगैरे दुसरं काहीच नव्हतं. अणुभट्टी बिघडली तर सगळा गोतावळा बाहेर येतो. आयोडीन एकटं फिरतंय म्हणजे ते कुठेतरी आधीच शुद्ध करून ठेवलेलं होतं, आणि शुद्ध आयोडीन-131 कोण ठेवतं? थायरॉइडची औषधं बनवणारे. 11 नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जाहीर केलं की स्रोत माहीत नाही, आणि 17 नोव्हेंबरला सांगितलं की तो बहुधा बुडापेस्टमधली समस्थानिक बनवणारी संस्था आहे. ते उत्सर्जन 8 सप्टेंबरपासून चालू होतं. जे मूळ जागी कागदावर मर्यादेत बसत होतं, ते चार देशांपलीकडे 'अज्ञात स्रोत' झालं होतं. धुरांड्यापाशी मोजणं आणि लांबून मोजणं या दोन गोष्टी किती दिवस एकमेकींशी न बोलता चालू शकतात, याचं हे उदाहरण.

त्यांना बोलतं करण्याचा प्रयत्न तोवर सुरू झाला होता. 2009 मध्ये इटलीतल्या स्ट्रासोल्डो या छोट्या गावात पहिल्यांदा औषध उत्पादक आणि चाचणी-पडताळणीचे शास्त्रज्ञ एका खोलीत बसले. ही बैठक पुढे नियमित होत गेली. उत्पादकांची बाजू समजून घ्या: ते नियम पाळत होते, त्यांच्यामुळे कुणाला इजा होत नव्हती, त्यांचा माल जीव वाचवत होता. आणि धुरांड्याचा तासागणिक आकडा बाहेर दिला की प्रतिस्पर्ध्याला कळणार की तुम्ही कोणत्या दिवशी किती पट्ट्या विरघळवल्या. तो व्यापाराचा आकडा आहे. दुसऱ्या बाजूला पडताळणीवाल्यांकडे कायद्याचं कुठलंच हत्यार नव्हतं. करारात औषध कारखान्याबद्दल बंधन नाही. त्यामुळे जे मिळवायचं ते विनंती करून.

2013 च्या सुमारास एका गटाने हिशोब करून आकडा सुचवला: प्रत्येक कारखान्याने झेनॉन-133 दिवसाला 5 गीगाबेकरेलच्या आत ठेवला, तर जागतिक जाळ्याचं फारसं नुकसान होणार नाही. मला हा आकडा फार रोचक वाटतो, कारण तो आरोग्यातून आलेला नाही. मोठ्या उत्पादकांच्या जुन्या उत्सर्जनापेक्षा तो हजार-दोन हजार पट कमी आहे, आणि तरीही त्याने कुणाच्याही आरोग्यात मोजण्याजोगा फरक पडणार नाही. तो केवळ 'दिसू नये' यासाठीचा आकडा आहे. कारखान्याच्या व्यवस्थापकाने विचारलं की यासाठी कोळशाच्या आणखी टाक्या मी माझ्या खर्चाने का बसवू, तर प्रामाणिक उत्तर अवघड आहे. तरी काही उत्पादकांनी स्वेच्छेने वचन दिलं. बेल्जियममध्ये चांदी घातलेल्या झिओलाइटवर काम झालं. तो साध्या तापमानालाही कोळशापेक्षा झेनॉन जास्त धरतो.

कमी करणं महाग पडत असेल तर निदान सांगा तरी, असा दुसरा मार्ग होता. अमेरिकेच्या पुढाकाराने 'स्टॅक्स' नावाचा प्रकल्प निघाला: उत्पादकांच्या धुरांड्यांवर गॅमा वर्णपट मोजणारी यंत्रं बसवायची, समस्थानिक वेगवेगळे मोजायचे (झेनॉन-133 चा 81 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा, 135 चा 250 चा), दर काही मिनिटांनी, आणि ती नोंद सुरक्षित मार्गाने पडताळणीच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचवायची. फ्लेरुस आणि लुकास हाइट्स दोघंही त्यात आले. 2008 मध्ये ज्या कारखान्याचं आयोडीन शेजाऱ्यांच्या भाजीवर बसलं, त्याचाच धूर आता दुसऱ्या एका विज्ञानाचं इनपुट झाला.

उत्तर कोरियाच्या पुढच्या चाचण्यांत काय झालं ते इथे जोडून बघा. 2009 ला जाळ्याला झेनॉन मिळालाच नाही. 12 फेब्रुवारी 2013 च्या चाचणीनंतर सुरुवातीला काही नाही, आणि एप्रिलमध्ये, सुमारे 55 दिवसांनी, जपानच्या ताकासाकी केंद्रावर 133 आणि 131एम एकत्र दिसले. दोन समस्थानिक मिळाल्यामुळे त्यांच्या गुणोत्तरावरून झेनॉनचं 'वय' काढता आलं, आणि ते चाचणीच्या तारखेशी जुळलं. बोगद्यात अडकलेला वायू बहुधा तेव्हा मोकळा झाला असावा. दरवेळी युक्तिवादाची कडी वेगळी आहे, आणि दरवेळी शेजारच्या नागरी स्रोतांचा हिशोब त्यात करावाच लागतो.

तुम्ही या क्षेत्रात, किंवा पर्यावरणातल्या कुठल्याही मोजणीच्या क्षेत्रात पीएचडीला येणार असाल, तर एक काम आधी करा. दुसऱ्याचा डेटासेट हातात आला की तो कोणत्या प्रश्नासाठी गोळा केला होता, ते शोधा. स्तंभाच्या मथळ्यावर ते लिहिलेलं नसतं. परवान्याच्या अटीत, गाळण-कागद बदलायच्या वेळापत्रकात, बेरीज आठवड्याची आहे की तासाची यात ते असतं. मी पहिले काही महिने वार्षिक उत्सर्जनाचे आकडे 365 ने भागून मॉडेलमध्ये घालत होतो. आलेख छान येत होते. मोजणीशी मात्र एकही दिवस जुळत नव्हता, कारण एकाही कारखान्याने कधी वर्षाचा तीनशे पासष्टावा भाग सोडलेला नव्हता. पट्टी विरघळते त्या काही तासांत झोत सुटतो, आणि मग शांतता. ग्रुप मीटिंगमध्ये सीनियरने विचारलं, 'अरे, रविवारी कोण विरघळवतं?' मला उत्तर माहीत नव्हतं. काही ठिकाणी रविवारीच विरघळवतात, सोमवारी सकाळी रुग्णालयात गाय पोचायला हवी म्हणून.

चॉक रिव्हरने ऑक्टोबर 2016 मध्ये मॉलिब्डेनमचं नियमित उत्पादन थांबवलं आणि 31 मार्च 2018 ला तिथली एनआरयू अणुभट्टी कायमची बंद झाली. साठ वर्षं चालली ती. ओटावाच्या केंद्रावर वर्षानुवर्षं जी नोंद सतत डोकं वर काढायची, त्यातला मोठा वाटा त्या धुरांड्याचा होता; काहींनी तीच नोंद यंत्रशिक्षणाला 'नेहमीचं कसं दिसतं' हे शिकवायला वापरली होती. तो 'नेहमीचा' आता नाही. ज्यांनी त्यावर शिकवलेली मॉडेल जपून ठेवलीत, त्यांना ती नव्या आकाशावर पुन्हा तपासून घ्यावी लागणार आहेत.